भिंत मागे ठेवून निघालेल्या घराची ऊब

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर आणि त्याभोवतीचे तेरणा नदीचे खोरे हा कोणत्याही अर्थाने थंड प्रदेश नव्हे. मात्र मार्गशीर्ष आणि पौष या महिन्यांतली तिथली पहाट पत्र्याखाली किंवा उघड्या माळावर काढावी लागली, तर गारठा हाडांपर्यंत पोचतो. दुपारी अंगात सदरा नकोसा वाटावा इतके ऊन असते, तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, आणि पुढच्या पहाटे पाचच्या सुमारास पारा १० अंशांच्या आसपास, थंडीची लाट आली असेल तर त्याच्याही खाली, उतरलेला असतो. पंधरा-वीस अंशांची ही घसरण समुद्रापासून दूर असलेल्या कोरड्या पठाराचे लक्षण आहे. जमिनीतून निघणारी उष्णता अडवण्याचे काम हवेतील बाष्प आणि ढग करतात. हिवाळ्यात मराठवाड्याच्या आकाशावर यांपैकी एकही पांघरूण फारसे नसते, त्यामुळे दिवसभर तापलेली काळी जमीन सूर्य कलताच आपली उष्णता अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांच्या, रूपाने थेट आकाशाकडे सोडू लागते. उष्णता अशी किरणांवाटे निघून जाण्याच्या क्रियेला प्रारण म्हणतात, आणि या भागातील हिवाळ्याच्या रात्रीचा बराचसा हिशेब या एका क्रियेत सामावलेला आहे.

अशा मुलखात वाहनालाच घर करून मुक्काम करणाऱ्या कुटुंबाने ऊब कशी राखावी, हा या प्रकरणाचा विषय आहे. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामान ठेवण्याची सोय असलेले मोटारवाहन म्हणजे कॅम्पर व्हॅन अथवा कारव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कारव्हॅन पर्यटनासाठी स्वतंत्र धोरण मंजूर केल्यापासून हा शब्द मराठी वाचकांच्या कानांवरून अधिक वेळा जाऊ लागला, आणि नळदुर्ग, तुळजापूर, तेर, परंडा अशी ठिकाणे घेत जिल्हा पालथा घालणाऱ्या कुटुंबाला नाताळच्या सुट्टीत असे वाहन सोयीचेही वाटते. तथापि घर सोडून कुटुंबासह थंडीत रात्र काढणे ही गोष्ट या मातीला नवी नाही. दिवाळीनंतर बीडप्रमाणेच धाराशिव जिल्ह्यातूनही हजारो कुटुंबे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ट्रकमध्ये किंवा बैलगाडीत बिऱ्हाड लादून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि थंडीचे सगळे महिने पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांच्या, कोपीत काढतात. मेंढ्यांच्या कळपामागे वर्षातील कित्येक महिने हिंडणारे धनगर शेतातल्या वाघरीशेजारीच, म्हणजे मेंढ्या कोंडण्याच्या जाळीशेजारीच, पाठ टेकतात, आणि मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे या भागातील येळवशीला, अवघे गाव बैलगाड्या जुंपून शेतात जाते व अंधार पडल्यावर कडब्यात गुरफटून झोपलेली मुले घेऊन परतते. कॅम्पर व्हॅन या परंपरेतील सर्वांत महाग आणि सर्वांत अननुभवी वाहन आहे, म्हणून तिच्या मालकाने आधीच्या तिघांकडून शिकणे शहाणपणाचे ठरेल.

घराची भिंत नेमके काय करते, हे कळल्याशिवाय भिंतीविना राहणे म्हणजे काय, हे कळत नाही. सास्तूर परिसरातील जुनी घरे दगड-मातीच्या दोन-दोन फूट रुंद भिंतींची आणि माळवदाची होती. माळवद म्हणजे लाकडी तुळया आणि पाट्यांवर फूट-दोन फूट मातीचा थर देऊन केलेले सपाट छप्पर. दगड आणि माती उष्णता अडवण्यात फार पटाईत नसतात, परंतु वजनाला प्रचंड असल्यामुळे ती उष्णता साठवून ठेवतात: दिवसभराचे ऊन छपरातून आत पोचेपर्यंत रात्र होते आणि रात्रीचा गारठा आत पोचेपर्यंत सकाळ होते. या गुणाला उष्णताधारकता म्हणतात. म्हातारी माणसे माळवदाच्या घराला हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार म्हणत, ते अनुभवाला धरून होते. पण ज्या वजनामुळे ते उबदार होते, त्याच वजनाने ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात, गणेश विसर्जनानंतरच्या गाढ झोपेत, माणसे गाडली. किल्लारी, सास्तूर, पेठसांगवी, होळी, राजेगाव यांसह बावन्न गावे उद्ध्वस्त झाली आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली.

त्यानंतरचा पाऊस आणि त्यामागून आलेला हिवाळा वाचलेल्या कुटुंबांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत काढला. पत्रा अंगावर कोसळून माणूस सहसा मरत नाही, म्हणून त्या वेळी तो योग्यच होता, आणि पक्क्या घरात झोपायची भीती बसलेल्या माणसांना तोच जवळचा वाटला. परंतु ऊब राखण्याच्या दृष्टीने पत्रा म्हणजे जवळजवळ काहीच नसण्यासारखे असते. पोलाद उष्णतेला स्थिर हवेपेक्षा सुमारे दोन हजार पटींनी अधिक सुलभ वाट देते, त्यात साठवणूक करण्याइतके वजनही नसते, आणि निरभ्र रात्री आकाशाकडे तोंड करून पडलेला पत्रा प्रारणामुळे भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब टपटप पांघरुणावर पडू लागतात, ते छप्पर गळत असल्यामुळे नव्हे. ते झोपलेल्या माणसांच्याच श्वासातले पाणी असते. कॅम्पर व्हॅनचे शरीर याच पत्र्याचे असते, आणि म्हणून १९९३ च्या त्या निवाऱ्यांचा प्रश्न आणि आजच्या प्रवासी गाडीचा प्रश्न पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने एकच आहे. माळवदाची माती गाडीवर लादता येत नाही. चाकांवर नेता येते ती फक्त अडवून धरलेली हवा.

अडवून धरलेली हवा ही ऊब राखण्याच्या सर्व साधनांची मूळ सामग्री आहे. हवा स्वतः उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे, पण मोकळी सोडली की ती तापून वर जाते, थंड होऊन खाली येते आणि या फेऱ्यांतून उष्णता वाहून नेते. या क्रियेला अभिसरण म्हणतात. हवेला लहान लहान कप्प्यांत कोंडले, की अभिसरण थांबते आणि उरतो तो तिचा अडवण्याचा गुण. थर्माकोल, फोम, लोकर, कापूस, पिसे ही सारी वेगवेगळ्या नावांनी कोंडलेली हवाच होय. येळवशीला शेतात पांडवांच्या पूजेसाठी ज्वारीच्या कडब्याची जी कोप उभारतात, तिचे एखादे ताट मोडून पाहिले तर आत पांढरा, भुसभुशीत, हाताला जवळजवळ बिनवजनाचा गाभा दिसतो. तो सूक्ष्म हवाकप्प्यांनी भरलेला असतो. कडब्याच्या पेंढ्या एकीवर एक रचल्या की ताटांमधली पोकळी आणि ताटांच्या आतला गाभा असे हवेचे दुहेरी थर तयार होतात. ऊसतोड मजुराची कोपी याच तत्त्वावर उभी असते, मात्र तिच्यात पाचटाचा थर पातळ असतो, ताडपत्री वाऱ्याने फडफडते आणि जमीन बहुधा ओली असते, म्हणून तत्त्व बरोबर असूनही ऊब मिळत नाही.

गाडीच्या बाबतीत हे सारे आकड्यांत मांडता येते, आणि ते मांडून पाहण्यासारखे आहे. झोपलेला प्रौढ माणूस सुमारे ७० ते ८० वॅट उष्णता सतत बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. आई-वडील आणि दोन मोठी मुले अशा चौघांची मिळून ती ३०० वॅटच्या घरात जाते. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराच्या गाडीच्या भिंती, छप्पर आणि तळ यांचे आतले क्षेत्रफळ ढोबळमानाने ३० चौरस मीटर धरू. नुसत्या पत्र्यातून दर चौरस मीटरमागे, आत-बाहेरच्या प्रत्येक अंश फरकासाठी, साधारण साडेपाच वॅट उष्णता निसटते; म्हणजे एकूण १६५ वॅट, आणि फटींतून व झडपेतून होणाऱ्या हवेच्या येण्याजाण्याची भर धरली तर १७५. चौघांच्या ३०० वॅटला १७५ ने भागले, की उत्तर येते जेमतेम पावणेदोन अंश. बाहेर १० अंश असतील तर बंद गाडीत चौघे झोपूनही आत बारा अंशांच्या वर जाणार नाही. आता याच पत्र्याला आतून २५ मिलिमीटर जाडीचा चांगला फोम लावला, तर निसटणारी उष्णता दर चौरस मीटरला सव्वा वॅटच्या आत येते. हवेच्या बदलासह सगळी बेरीज ४५ वॅटच्या आसपास होते, आणि त्याच चौघांच्या शरीरातून निघालेल्या त्याच उष्णतेवर गाडी बाहेरच्यापेक्षा सहा-सात अंशांनी उबदार राहते. सास्तूरच्या पहाटे याचा अर्थ सोळा-सतरा अंश, आणि एका जाड पांघरुणासह निवांत झोप. एक थेंबही इंधन न जाळता, केवळ इंचभर कोंडलेल्या हवेने हा फरक पडतो, म्हणून हीटरची चौकशी करण्याआधी गाडीची भिंत पाहावी, हे या विषयातले पहिले सूत्र आहे.

हा हिशेब प्रत्यक्षात बिघडतो तो काचांमुळे आणि उष्णतासेतूंमुळे. उष्णतासेतू म्हणजे अडथळ्याच्या थराला छेदून आत-बाहेर जोडणारा धातूचा भाग. फोममधून डोकावणारी लोखंडी फासळी, खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट, दाराची कडी ही त्याची उदाहरणे होत. पहाटे हात लावून पाहिले तर या जागा नेमक्या ओल्या आणि बर्फासारख्या गार लागतात. चालकापुढची काच ही तर गाडीच्या भिंतीतले मोठे भगदाडच असते. चालकाची बसण्याची जागा आणि झोपण्याची जागा यांच्यामध्ये एक जाड पडदा, आणि तो नसेल तर घरातली वाकळ, दोरीवर आडवी टांगली तरी उबेची जागा निम्मी होते आणि तेवढीच माणसे ती लवकर तापवतात. बाकीच्या काचांना आतून फोमचे बेताचे तुकडे घट्ट बसवावेत. गाडी कोठे उभी करावी, याचेही उत्तर या प्रदेशाच्या भूगोलात आहे: थंड हवा गरम हवेपेक्षा जड असल्यामुळे रात्री ती उतारावरून पाण्यासारखी वाहत खाली जाते आणि ओढ्यात, नदीकाठी, माकणीच्या धरणाच्या आसपासच्या सखल भागात साचते. म्हणून पाण्याकाठची जागा संध्याकाळी कितीही मोहक दिसली, तरी मुक्कामासाठी थोडी चढावरची, वाऱ्याकडून झाडांच्या रांगेची किंवा बांधाची आड असलेली जागा निवडावी. डोक्यावर झाडाचा विस्तार असेल तर उत्तमच; पानांचे छत छपराची उष्णता आकाशाकडे जाऊ देत नाही आणि दवही अडवते.

थंडीपेक्षा ओल अधिक छळते, हे कोपीत राहणाऱ्या माणसांना सांगावे लागत नाही. प्रत्येक माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून साधारण पाव लिटर पाणी हवेत सोडतो, म्हणजे चौघांच्या कुटुंबाचे एक लिटर. यात गाडीत शिजवलेल्या जेवणाची वाफ आणि वाळत टाकलेले टॉवेल धरलेले नाहीत. स्वयंपाकाचा गॅस जळताना तयार होणारे पाणी तर अनेकांच्या लक्षातच येत नाही: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. हवेत मावेल त्यापेक्षा जास्त बाष्प झाले, किंवा हवा एखाद्या गार पृष्ठभागाला टेकून निवाली, की बाष्पाचे पाणी होते. ज्या तापमानाला हे घडते त्याला दवबिंदू म्हणतात. वीस अंश तापमानाच्या आणि निम्म्या आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू नऊ अंशांच्या थोडा वर असतो, आणि उघडा पत्रा पहाटे तेथवर सहज उतरतो. पत्र्यावरचे ते पाणी फोमच्या मागे, गादीखाली, कपड्यांच्या कपाटात झिरपते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट चांगले उष्णतावाहक असल्यामुळे ओले झालेले पांघरूण पांघरूणच राहत नाही. म्हणून गारठ्याच्या रात्री सगळ्या फटी बुजवून टाकण्याची जी स्वाभाविक इच्छा होते, ती आवरली पाहिजे. छपराजवळ एक आणि खाली एक अशी दोन लहान झडपा सतत उघड्या ठेवल्याने थोडी उष्णता जाते, पण ओल जाते ती त्याहून मोलाची. मराठवाड्याच्या हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी असल्यामुळे हा सौदा या भागात विशेष फायद्याचा आहे. सकाळी ऊन वर आले की गाद्या, वाकळी, उशा बाहेर काढून दोन तास वाळत घालाव्यात. पालात आणि कोपीत राहणारी कुटुंबे अंथरुणे उन्हात टाकतात, ते निव्वळ स्वच्छतेसाठी नव्हे.

पांघरुणापेक्षा अंथरुणाला महत्त्व अधिक आहे, ही गोष्ट घरात पलंगावर झोपणाऱ्याला पटकन पटत नाही. अंगाखालचा कापूस शरीराच्या भाराने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि उष्णता खालच्या गार तळाकडे वहनाने, म्हणजे थेट स्पर्शाने, वाहत राहते. वरून तीन पांघरुणे घेऊनही पाठ गार का पडते, याचे कारण हे आहे. जे सहज दबत नाही ते खाली असावे. धनगरांची घोंगडी हे या दृष्टीने फार विचारपूर्वक घडलेले वस्त्र आहे. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि लवचीक असते, दाबली तरी पुन्हा फुगते. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असल्यामुळे वीण घट्ट बसते आणि वारा अडतो. आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश बाष्प हाताला ओली न लागता पोटात घेते, शिवाय ते घेताना किंचित उष्णताही सोडते. घोंगडी अंगाला टोचते म्हणून ती खाली अंथरावी आणि वर वाकळ घ्यावी, ही जुनी विभागणी शास्त्राला धरूनच आहे. वाकळ अथवा गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून बारीक धावदोऱ्याने शिवलेले पांघरूण. ती हातात घेऊन उजेडाकडे तिरपी धरली की टाक्यांच्या ओळींमधले कापड जरासे फुगलेले दिसते. प्रत्येक फुगवटा हा कोंडलेल्या हवेचा एक कप्पा असतो, आणि टाके हवेला एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. गाडीच्या तळावर आधी रबरी किंवा फोमची चटई, तिच्यावर घोंगडी, त्यावर गादी आणि वरून वाकळ, अशी रचना बाजारातल्या महागड्या झोपण्याच्या पिशवीशी या हवामानात सहज बरोबरी करते.

कुटुंबातल्या सगळ्यांना थंडी सारखी लागत नाही. शरीर उष्णता तयार करते ती वजनाच्या प्रमाणात आणि गमावते ती त्वचेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात. लहान मुलाचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचा अधिक असल्यामुळे ते मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर गार पडते. तान्ह्या बाळाला तर हुडहुडी भरण्याचीही सोय नसते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी झपाट्याने आकुंचन पावून निर्माण केलेली उष्णता, आणि बाळ त्याऐवजी मानेभोवती व पाठीवर असलेली विशेष प्रकारची चरबी जाळते, जी लवकर संपते. बाळ गार पडत असताना रडेलच असे नाही; ते मलूल होते, दूध ओढत नाही, तळपाय आणि पोट हाताला गार लागते. निरोगी बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असावे, आणि पोट गार लागले तर पांघरुणांची भर घालत बसण्याऐवजी बाळाला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी घेऊन वरून दोघांना मिळून पांघरावे. त्वचेला त्वचा लावून ऊब देण्याची ही पद्धत कांगारू मातृसेवा या नावाने आज रुग्णालयांत शिकवली जाते. ती पद्धतशीर रीतीने प्रथम वापरली गेली १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात, कमी वजनाच्या बाळांसाठी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या तेव्हा. म्हाताऱ्या माणसांत हुडहुडी उशिरा आणि अशक्त भरते, थंडीची जाणीवही मंदावलेली असते, म्हणून आजोबांनी मला काही होत नाही असे म्हटले तरी त्यांच्या हातांची बोटे चाचपून पाहावीत. झोपताना मुले मध्ये आणि मोठी माणसे कडेला, पत्र्याच्या बाजूला, असा क्रम ठेवावा. कानटोपी आणि कोरडे मोजे सर्वांना सक्तीचे असावेत.

शरीर ही या घरातली खरी शेगडी असल्यामुळे तिच्यात सरपण घालावे लागते. बाजरीची किंवा ज्वारीची गरम भाकरी, तीळ, जवसाची चटणी, शेंगदाणे, गूळ हे या भागातील हिवाळ्याचे खाणे तेल आणि पिष्टमय पदार्थ यांनी भरलेले आहे. झोपण्याच्या तास-दोन तास आधी पोटभर जेवण झाले, तर पचनाच्या क्रियेतूनही उष्णता मिळत राहते. थंडीवर उतारा म्हणून दारू घेण्याची समजूत मात्र धोक्याची आहे, कारण दारूमुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम झाल्यासारखे वाटते आणि आतली उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. साधी गरम पाण्याची पिशवी किती काम करते, हेही मोजता येते: एक लिटर पाणी साठ अंशांवरून पस्तीसवर येताना २५ किलोकॅलरी उष्णता देते, जी पांघरुणाच्या आत, पायांपाशी, चार तास पुरते. अख्खी गाडी तापवायला जे इंधन लागेल त्याच्या एका बारीकशा भागात माणूस तापतो, आणि गाडी नव्हे तर माणूस तापवायचा आहे, हे लक्षात ठेवले की बरेच खर्च वाचतात.

हिमालयात हिशेब बदलतो. स्पिती किंवा लडाखकडे हिवाळ्यात जाणाऱ्या मराठी कुटुंबाला उणे पंधरा अंशांत आत वीस अंश हवे असतील, तर पस्तीस अंशांचा फरक राखावा लागतो, आणि वरच्याच हिशेबाने फोम लावलेल्या गाडीलाही सोळाशे वॅटच्या आसपास उष्णता लागते. चौघांची शरीरे त्यातला पाचवा हिस्साही पुरवत नाहीत. तेथे डिझेलवर चालणारा, सुमारे दोन किलोवॅटचा गाडीचा हीटर योग्य ठरतो. त्याचे वैशिष्ट्य असे, की त्यातील ज्वाला बंद पेटीत जळते, जळण्यासाठीची हवा बाहेरून नळीने येते, धूर दुसऱ्या नळीने बाहेर जातो, आणि गाडीतली हवा त्या पेटीच्या बाहेरून फिरून तापते. ज्वालेची हवा आणि श्वासाची हवा यांची कोठेही भेट होत नाही. तिथल्या गारठ्यात नेहमीचे डिझेल घट्ट होते, म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ पासून लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. गॅसची टाकीही तिथे दगा देते, कारण तिच्यातील ब्यूटेन हा घटक शून्य अंशांच्या आसपास वायुरूप होणेच थांबवतो.

मराठवाड्यात अशा यंत्राची गरज नाही, आणि नेमके इथेच माणसे अधिक धोका पत्करतात, कारण यंत्र नसले की हाताशी शेगडी असते. हुरड्याच्या दिवसांत गोवऱ्यांची आगटी पेटवून तिच्याभोवती बसण्याचे सुख या प्रदेशाला चांगले ठाऊक आहे. उघड्या आभाळाखाली ते निर्धोकही आहे. तीच आगटी लोखंडी घमेल्यात भरून गाडीत, कोपीत किंवा बंद खोलीत नेली की तिचा स्वभाव बदलतो. ज्वाळा आणि धूर असेपर्यंत माणूस सावध असतो. ज्वाळा विझून लालबुंद इंगळ उरले की धूर दिसत नाही, आणि नेमके तेव्हाच निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू सर्वाधिक बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने खोकलाही येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटत असल्यामुळे हवेत तो थोडासा असला तरी रक्त ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामातून बाद होत जाते. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि गुंगी येते. माणूस दिवसभराच्या शिणामुळे झोप येत आहे असे समजून आडवा होतो आणि उठत नाही. हा वायू हवेपेक्षा जड नाही, तो सगळीकडे मिसळतो, म्हणून शेगडी खाली ठेवून माणसे वरच्या बाकावर झोपली तर वाचतील, हा समज खोटा आहे. खिडकी बोटभर उघडी ठेवल्याने भागते, हा समजही तितकाच खोटा आहे. गाडीचे इंजिन चालू ठेवून झोपण्यात आणि गॅसची शेगडी ऊब येण्यासाठी पेटती ठेवण्यात हाच धोका आहे. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारा भोंगा गाडीत उशाजवळ लावावा. तो वाजला, किंवा एकाच गाडीतील दोघांना एकाच वेळी डोकेदुखी सुरू झाली, तर कारण शोधत न बसता आधी मुलांना घेऊन सर्वांनी उघड्यावर यावे आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

सहलीला निघालेले कुटुंब निदान हे वाचून निघू शकते. फडावर निघालेल्या कुटुंबाची आई पहाटे अंधारात उठून दवाने भिजलेल्या उसात उतरते, ओल्या लुगड्यातून पाणी उडून जाताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता तिच्या अंगातून घेऊन जाते, आणि मागे पाचटाच्या कोपीत लेकरे एका वाकळीत राहतात. तिथे आग सांडली तर कोपी काही क्षणांत भस्म होते आणि इंगळ आत ठेवले तर वायू कोंडतो. कारखान्यांनी आणि मुकादमांनी गाळप सुरू होण्याआधी तळासाठी उंचवट्याची कोरडी जागा, प्रत्येक कोपीला जमिनीवर अंथरायला एक जाड ताडपत्री आणि मुलांसाठी लोकरीची पांघरुणे द्यावीत; टोळीला दिल्या जाणाऱ्या उचलीपुढे, म्हणजे आगाऊ रकमेपुढे, हा खर्च नगण्य आहे. आणि ज्यांच्या हाती हे पुस्तक आहे त्यांनी, गाडी असो, कोपी असो की घरातली खोली, झोपण्यापूर्वी घमेले बाहेर न्यावे, इंगळावर पाणी मारावे, राख काडीने उकरून आत लाली उरली नाही ना हे पाहावे, आणि मगच दार लावावे.